वर्षानुवर्षं हरत आलेला तुमचा फुटबॉल संघ शेवटी जिंकला, तेव्हा नेमकं कसं वाटलं?

खरं सांगायचं तर आम्ही जिंकलो तेव्हा मी सामना बघतच नव्हतो. फेब्रुवारीच्या थंडीत, अंगात नुसता स्वेटर, घराबाहेर फूटपाथवर उभा होतो. शेजारी एक म्हातारा गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा. आत काय घडलं ते मला आईनं दारातून ओरडून सांगितलं, आणि आईला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यामुळं उत्तर जरा लांबून सुरू करावं लागेल.

संघ म्हणजे फिलाडेल्फिया ईगल्स. खेळ अमेरिकन फुटबॉल, ज्यात पायाचं काम थोडं आणि हाताचं, खांद्याचं, डोक्याचं जास्त. मी मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल हा पेठेचा आणि तालमीचा मामला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. माझी तालीम कुठली ते सांगत नाही, इथंच भांडणं लागतील. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर मी ज्या शिव्या शिकलो त्या जन्मभर पुरल्या. 1999 च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी फिलाडेल्फियाला आलो आणि सप्टेंबरातल्या एका सोमवारी ऑफिसातली सगळी माणसं कामं सोडून ‘फुटबॉल’वर भांडताना दिसली. जीव भांड्यात पडला. त्या रविवारी टीव्ही लावला तर हेल्मेट घातलेले दांडगे गडी एकमेकांवर आदळत होते आणि दर दहा सेकंदांनी खेळ थांबत होता. कुणीतरी टोपी घातल्यासारखं वाटलं.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यापुरतं सांगतो. मैदान 100 यार्ड, म्हणजे 100 वार. आपले नऊवारीतलेच वार. चार प्रयत्नांत दहा वार पुढं सरकायचं. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर बहुतेक वेळा चेंडू दुसऱ्याकडं. शेवटच्या रेषेपलीकडं चेंडू नेला की सहा गुण, त्याला टचडाउन म्हणतात, वर एखाद-दोन जास्तीचे मिळवायची संधी. तेवढं जमत नसेल तर लाथ मारून खांबांमधून घालवायचा, त्याचे तीन. चेंडू फेकणारा एक मुख्य गडी असतो, क्वार्टरबॅक. संघाचं सगळं बरंवाईट त्याच्या नावावर लागतं. एवढं पुरे.

खेळ परका होता, शहर मात्र ओळखीचं निघालं. एका अंगाला न्यूयॉर्क, दुसऱ्या अंगाला वॉशिंग्टन, आणि मध्ये हे, आपण एके काळी देशाची राजधानी होतो हे भेटेल त्याला ऐकवणारं. पुण्या-मुंबईचं नाव काढलं की कोल्हापूरकराच्या चेहऱ्यावर जे येतं, तेच इथल्या माणसाच्या चेहऱ्यावर न्यूयॉर्कचं नाव काढलं की येतं. बोलणं तिखट, पोटात काही नाही. आपल्या गड्याला आपण वाटेल ते बोलू, बाहेरच्यानं बोट दाखवायचं नाही. 15 डिसेंबर 1968 ला ईगल्सच्या प्रेक्षकांनी मैदानात आलेल्या सांताक्लॉजला बर्फाचे गोळे मारले, ते अजून देशभर चघळलं जातं. जुन्या व्हेटरन्स स्टेडियममध्ये एक काळ असा होता की प्रेक्षकांसाठी तळघरात कोर्ट भरायचं. दंगा केला की सामना चालू असतानाच न्यायाधीशासमोर उभं. हे ऐकून लोकांना धक्का बसतो. मला मात्र माहेरी आल्यासारखं झालं.

आम्ही राहतो शहराच्या पश्चिमेला लागून, अपर डार्बीत. तिथली बरीच घरं जोडघरं, दोन घरांत एक भिंत. आमच्या भिंतीपलीकडं एक म्हातारं जोडपं. त्यातले गृहस्थ आयुष्यभर ट्रॉली, म्हणजे ट्राम, चालवून निवृत्त झालेले. नाव सांगत नाही, आम्ही घरात त्यांना म्हातारबा म्हणतो. म्हातारबांचं म्हणणं असं की 26 डिसेंबर 1960 ला, ईगल्सनी ह्या विजयाआधीची शेवटची चॅम्पियनशिप जिंकली तेव्हा, ते वडिलांबरोबर फ्रँकलिन फील्डवर होते. 17 विरुद्ध 13. समोर ग्रीन बे पॅकर्स. शेवटच्या क्षणी पॅकर्सचा जिम टेलर चेंडू घेऊन रेषेकडं निघालेला, चक बेडनारिकनं त्याला आडवा पाडला आणि घड्याळ संपेपर्यंत उठूच दिला नाही. हरलेल्या संघाचा प्रशिक्षक होता विन्स लोंबार्डी. पुढं सुपर बोलच्या, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्याच्या, करंडकाला त्याचंच नाव लागलं आणि तो करंडक काही ईगल्सच्या हाताला लागेना. (त्या दिवशी मैदानात सदुसष्ट हजार माणसं होती. मला आजवर ‘मी तिथं होतो’ म्हणणारे भेटले त्यांचा हिशेब केला तर लाखाच्या वर जाईल. पण म्हातारबांवर माझा विश्वास आहे, कारण त्यांना सामन्यापेक्षा वडिलांनी थर्मासमधून दिलेल्या सूपची चव जास्त आठवते.)

म्हातारबा सामना थेट बघत नाहीत. जानेवारी 1981 मध्ये ईगल्स पहिल्यांदा सुपर बोलमध्ये गेले आणि ओकलंडकडून 27-10 असे हरले, तेव्हापासून बंद. आपण बघितलं की ते हरतात अशी त्यांची खात्री. मग सामना सुरू झाला की ते कुत्र्याला घेऊन गल्लीत फेऱ्या मारतात. आत त्यांची बायको बघते आणि ओसरीवरच्या दिव्यानं खबर देते. दिवा लागला की आपलं बरं चाललंय, विझला की बिघडलं. मला हे कळायला तीन वर्षं लागली. तोवर मला वाटायचं, त्यांच्या घरातली वायरिंग खराब आहे.

आता हरण्याबद्दल थोडं, कारण जिंकण्यापेक्षा माझ्याकडं तेच जास्त आहे.

जानेवारी 2003. सुपर बोलला एकच पायरी बाकी, सामना आपल्या मैदानावर, जुन्या व्हेटरन्स स्टेडियममधला शेवटचा. पाहुणे फ्लोरिडाच्या उन्हातले, टँपा बे. पहिल्याच मिनिटात आपल्याला सात गुण. दिवा लागला. मग एकेक करून सगळं निसटत गेलं, आणि शेवटी आपला फेकलेला चेंडू त्यांच्या रॉंडे बार्बरनं मधल्यामध्ये पकडला आणि 92 वार पळत नेला. 92 वार म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान. टीव्हीवर स्टेडियममधला आवाज असा थांबला, जशी कुणी वीज घालवली. 27-10. त्या रात्री कोल्हापूरला फोन लावला आणि सवयीनं बोलून गेलो, ‘आई, आम्ही हरलो.’ तिनं काळजीनं विचारलं, ‘कुठं? ऑफिसात?’

मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. इंग्रजीत दोन्हीला एकच, ‘वी’. त्यामुळं ऑफिसातले लोक ‘वी’ हरलो म्हणायचे तेव्हा त्या ‘वी’त मी आहे की मी फक्त ऐकणारा आहे, हे तीन वर्षं मला उमगलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीवरचा बर्फ खरवडत होतो. म्हातारबा आले, हातातलं दुसरं खरवडणं घेऊन माझ्या गाडीची पलीकडची काच साफ करायला लागले, आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले की आपण ह्यातलं काहीच करायला पाहिजे नव्हतं, आपण नुसतं धावायला पाहिजे होतं. ते ‘आपण’ होतं. भाषांतर मला तिथंच कळलं.

2004 च्या जानेवारीत पुन्हा त्याच पायरीवर, पुन्हा घरच्या मैदानावर, ह्या खेपेला नवं स्टेडियम, आणि कॅरोलायनाकडून 14-3. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, नुसता चिखल.

फेब्रुवारी 2005 ला मात्र सुपर बोलला पोचलो. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. शेवटची साडेपाच मिनिटं, आपण दहा गुणांनी मागं. म्हणजे दोनदा गुण करायचे आणि घड्याळ पळतंय. आणि आपली माणसं? आपली माणसं घाट चढणाऱ्या लाल डब्यासारखी, निवांत, प्रत्येक थांब्यावर थांबत. एकदा गुण केले तेव्हा पावणेचार मिनिटं खर्ची पडलेली. 24-21. तीन गुणांनी. मी तेव्हा घरात एकटाच उभा राहून कोल्हापुरी बोलीत ओरडत होतो, ‘पळा की रं, पळा!’ पलीकडं भिंतीवर टकटक झाली. वाटलं आवाज कमी करा म्हणतायत. नंतर कळलं, म्हातारबांची बायकोही तेच ओरडत भिंत बडवत होती.

लोक विचारतात, मग संघ बदलायचा की. असा विचार मनात आला नाही असं नाही. आमचे बरेच मराठी मित्र न्यू जर्सीत, कुणी न्यूयॉर्क जायंट्सचा, कुणी सोयीप्रमाणे जिंकेल त्याचा. पण पेठेचा संघ हरतो म्हणून कुणी पेठ बदलतं का? आणि दुसरं म्हणजे ह्या शहरात मला जी ओळखपाळख मिळाली ती हरण्यावरच मिळाली. लिफ्टमध्ये, डॉक्टरकडं वाट बघताना, गाडी दुरुस्तीला टाकली तिथं, सोमवारी सकाळी कुणाशीही ‘काल बघितलंत?’ एवढं म्हटलं की दहा मिनिटं निघायची. माझे उच्चार कुणाच्या ध्यानातही यायचे नाहीत. जिंकत असते तर लोक आपापल्या घरात खूश राहिले असते, माझ्याशी कशाला बोलले असते?

मग मधली बारा वर्षं. प्रशिक्षक अँडी रीड गेले, चिप केली आले आणि गेले, डग पेडरसन आले. 2017 ला कार्सन वेंट्झ नावाचा पोरगा क्वार्टरबॅक म्हणून असा खेळायला लागला की म्हातारबा एकदा खिडकीतून डोकावून बघताना सापडले. आणि 10 डिसेंबरला लॉस एंजेलिसमध्ये त्याचा गुडघा गेला. त्यानं त्या तुटलेल्या गुडघ्यावरच आणखी काही डाव खेळून एक टचडाउन फेकला आणि मग चालत आत गेला, तो त्या मोसमात परत आलाच नाही. त्याच्या जागी निक फोल्स. हा गडी वर्षा-दीड वर्षापूर्वी खेळच सोडायच्या विचारात होता. शहरानं ओळखलं, आलं परत आपलं नेहमीचं.

नेमकी त्याच हिवाळ्यात आई आली होती. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच इतक्या लांब. पहिला सामना तिनं चष्मा पुसून पुसून बघितला आणि म्हणाली, ‘कबड्डी म्हणावी तर चेंडू कशाला, आणि फुटबॉल म्हणावा तर हातात कशाला?’ मी वारांचा हिशेब सांगितला तेव्हा मात्र तिचा चेहरा उजळला. ‘शंभर वार? म्हणजे अकरा लुगडी आणि वर एक वार!’ त्यानंतर ती मैदानाचं अंतर लुगड्यांतच मोजायला लागली. ‘अजून दोन लुगडी राहिली रं त्यांची.’ फोल्स साडेसहा फुटी, त्याला ती लांबडा म्हणायची. टॉम ब्रेडीला ‘त्यो देखणा’.

प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, अटलांटाला 15-10 हरवलं. घरच्या मैदानावर असूनही सट्टेवाल्यांनी आपल्याला कमी लेखलं होतं, म्हणून आपले लेन जॉन्सन आणि क्रिस लाँग सामन्यानंतर कुत्र्याचे मुखवटे घालून फिरले. आठवडाभरात शहरातल्या दुकानांत तसला मुखवटा मिळेना. मग मिनेसोटाला 38-7. आणि 4 फेब्रुवारी 2018, मिनियापोलिसला सुपर बोल, समोर पुन्हा तोच देखणा.

पहिल्या अर्ध्याच्या शेवटाला 38 सेकंद राहिलेले, चौथा प्रयत्न, रेषेपासून एक वार. शहाणा माणूस तीन गुण घेऊन गप्प बसतो. आपण काय केलं, तर चेंडू फोल्सकडं आलाच नाही. तो कोरी क्लेमेंटकडं गेला, त्यानं ट्रे बर्टनला दिला, आणि बर्टननं फेकला तो थेट कोपऱ्यात मोकळ्या उभ्या राहिलेल्या फोल्सच्या हातात. ह्या डावाला आता ‘फिली स्पेशल’ म्हणतात, त्याचे पुतळे आणि गोंदणं झाली. आमच्या घरात तो सगळ्यात आधी आईला कळला. आम्ही बाकीचे सगळे चेंडू कुठं आहे ते शोधत होतो आणि ती म्हणाली, ‘अगं बाई, ह्यो लांबडा तर टाकणारा ना? मग ह्यो का पळायलाय?’ पोरीनं आजीला मिठीच मारली.

तरी मला खात्री नव्हती. एक वर्ष आधीच ब्रेडीनं 28-3 असा मागं पडलेला सुपर बोल परत ओढून आणला होता. आणि झालंही तसंच. शेवटच्या भागात 33-32, ते पुढं. त्या एका गुणानं माझ्या पोटात जुना गोळा आला. मग आपण सात मिनिटं चेंडू हातातून सोडला नाही, आणि झॅक अर्ट्झनं रेषेपलीकडं उडी घेतली. 38-33. घड्याळात दोन मिनिटं एकवीस सेकंद.

दोन मिनिटं एकवीस सेकंद ब्रेडीला म्हणजे मांजराला दुधाचं पातेलं राखायला देणं. त्या रात्री त्यानं आधीच चारशेच्या वर वार फेकलेले. मला बसवेना. बायको म्हणाली, ‘जा बाहेर, तुझ्या येरझाऱ्यांनी मला दिसत नाही.’ मी गेलो.

बाहेर म्हातारबा होते. दिवा लागलेला होता. आम्ही बोललो नाही. कुत्रा माझ्या बुटांचा वास घेत होता. गल्लीत चिटपाखरू नाही, पण प्रत्येक खिडकीत तोच निळा उजेड एकाच वेळी हलत होता. आणि मग एकदम सगळ्या घरांतून एक आवाज आला. आनंदाचा की घात झाल्याचा, देवाशपथ कळेना. म्हातारबांनी दिव्याकडं बघितलं. दिवा विझला. लगेच लागला. पुन्हा विझला, लागला, विझला, लागला. म्हातारबा पुटपुटले, ‘ह्याचा अर्थ काय?’ चाळीस वर्षांच्या त्यांच्या भाषेत ह्या शब्दाची नोंदच नव्हती.

तेवढ्यात आमचं दार उघडलं. शाल गुंडाळलेली आई, एका हातात चष्मा. ‘पडला रं! त्या देखण्याच्या हातातनं चेंडू पडला! आपल्या गड्यानं उचललाय!’

ब्रँडन ग्रॅहमनं ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला होता आणि डेरेक बार्नेटनं तो धरला होता. मी तो डाव नंतर शेकडो वेळा बघितला आहे, पण मला आठवतो तो आईच्याच आवाजात. म्हातारबांना मी इंग्रजीत सांगायला गेलो तर शब्दच फुटेना. ते म्हणाले, कळलं मला, तुझ्या आईनं सांगितलं की. मग ते तिथंच पायरीवर बसले. जेक इलियटची 46 वारांची लाथ, 41-33, ब्रेडीचा शेवटचा आंधळा फेका आणि त्यावर झालेली झोंबाझोंबी, हे सगळं होईपर्यंत ते उठले नाहीत. मी आत पळालो, ते शेवटचे सेकंद बघितले, आणि काय वाटलं म्हणाल तर दाढ काढून झाल्यावर जीभ सारखी त्या खड्ड्याकडं जाते ना, तसं काहीतरी. आनंद दुसऱ्या दिवशी दुपारी आला, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, एकट्याला.

गुरुवारी, 8 तारखेला, मिरवणूक. शाळांना सुट्टी. ब्रॉड स्ट्रीटवर माणूस मावेना. लोकांनी चढू नये म्हणून पोलिसांनी सामन्याच्या रात्री दिव्यांच्या खांबांना तेल लावलं होतं, तरी पोरं चढली होती. आईला ते सांगितलं तर तिला काही विशेष वाटलं नाही. ‘तेल लावल्याशिवाय मलखांब कसला?’ कित्येक जण हातात फोटो घेऊन आले होते, गेलेल्या बापाचे, आजोबांचे. एक बाई फ्रेम उंच धरून चालली होती, जसा पालखीपुढं कुणी छत्र धरावं. आईनं न बोलता हात जोडले. संग्रहालयाच्या पायऱ्यांवर आपला गडी जेसन केल्सी नववर्षाच्या मिरवणुकीतल्या ममर्सचा भरजरी पोशाख घालून उभा राहिला आणि त्यानं एकेका गड्याचं नाव घेऊन कोण कोण त्याला काय काय म्हणालं होतं ते घसा फाडून ऐकवलं. तालमीच्या कट्ट्यावरचं भाषण होतं ते, अगदी अस्सल.

म्हातारबा मिरवणुकीला आले नाहीत, पाय दुखतात म्हणाले. पुढच्या मोसमात ते पुन्हा कुत्र्याला घेऊन बाहेर होते. आता तरी आत बसून बघा म्हटलं तर माझ्याकडं असं बघितलं, की मी परत विषय काढला नाही. 2025 च्या फेब्रुवारीत कॅन्सस सिटीला 40-22 हरवलं तेव्हाही दिवाच होता, फक्त कुत्रा दुसरा.

मिरवणुकीहून घरी आलो तेव्हा आईनं पाय शेकायला घेतले आणि कोल्हापूरला मावशीला फोन लावला. तिकडं सकाळ झालेली. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होतो, मला एकाच बाजूचं नीट ऐकू येत होतं. जेवणखाण, थंडी, माणसं किती, सगळं झालं. मग म्हणाली, ‘अगं, ते राहिलंच सांगायचं. आपण जिंकलो.’

पलीकडून मावशीनं काहीतरी विचारलं.

‘कशात ते मला सांगता यायचं नाही बघ,’ आई म्हणाली. ‘पण तूबी पेढे वाट.’